होडीचे इंजिन मध्येच का थांबते?

रस्त्यात ट्रकचे इंजिन बंद पडले, तर ड्रायव्हर गाडी कडेला घेतो आणि मदतीची वाट पाहतो. समुद्रात कड नसते. इंजिन थांबले की होडी वाऱ्याच्या आणि भरती-ओहोटीच्या स्वाधीन होते, आणि जवळ खडक असतील तर नांगर टाकण्याइतकाच वेळ हाती राहतो. म्हणून कोकण किनाऱ्यावरच्या मुरलेल्या तांडेलाला मासळीइतकेच इंजिनही कळावे लागते. जुनी डिझेल इंजिने अचानक थांबतात ती बहुतेक वेळा काही मोडल्यामुळे नव्हे, तर डिझेल नीट न पोचल्यामुळे.

विद्यार्थी मित्रांनो, पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो; डिझेल इंजिनात तो नसतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली यशस्वी करून दाखवलेल्या या इंजिनात दट्ट्या हवा इतकी दाबतो, की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. (हा डिझेल स्वतः १९१३ साली जहाजाने इंग्लंडला जाताना समुद्रातच नाहीसा झाला.)

फवारा केवढा असतो? थोडे गणित करू. समजा, एका सिलिंडरचे १० अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते आणि तासाला सव्वादोन लिटर डिझेल खाते. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा डिझेल फवारले जाते, म्हणजे तासाला ४५,००० वेळा. २२५० मिलिलिटरला ४५,००० ने भागा. उत्तर येते ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब! हा थेंब वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाबाने इंजेक्टरच्या बारीक छिद्रांतून ढकलायचा असतो.

आता एक प्रयोग करा. सुई नसलेली, नवी प्लॅस्टिकची सिरिंज घ्या. तिच्यात पाणी भरून, सगळी हवा काढून तोंड बोटाने बंद करा व दट्ट्या दाबा. तो हलत नाही. मग पाणी काढून नुसती हवा ठेवा आणि पुन्हा दाबा. दट्ट्या सहज आत जातो, सोडला की परत येतो. डिझेलही पाण्यासारखेच आहे. दीडशे पट दाबाखाली ते शेकडा एक भाग आकसते, एवढेच. हवा मात्र तेवढ्याच दाबाखाली आकसून दीडशेव्या हिश्शाची होते. म्हणून पंपात एका थेंबाएवढी हवा शिरली, तरी पंपाचा सगळा धक्का ती हवा दाबण्यातच खर्च होतो. इंजेक्टर उघडतच नाही. ‘इंजिनाने एअर धरली’ असे मिस्त्री म्हणतात ते हेच.

हवा शिरते कोठून? टाकी पंपाच्या खाली असेल, तर पंप डिझेल ओढून घेतो आणि त्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. नळीचा सांधा सैल झाला, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. नळी कोरडी दिसली म्हणून तिला निर्दोष ठरवणारा येथेच फसतो.

दुसरे दुखणे पाण्याचे. टाकी अर्धी रिकामी असली, की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर थिजते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाते. पाणी आणि डिझेल जेथे भेटतात तेथे बुरशी वाढते व काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते, तेव्हा हा गाळ निवांत बसून असतो. पुढे समुद्र खवळला, होडी हेलकावू लागली, की तो ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबतो. इंजिनाची सर्वांत जास्त गरज असते नेमके तेव्हाच ते थांबते, यात नशिबाचा काही भाग नाही.

तपासणी टाकीपासून इंजिनाकडे करीत जावी. डिझेल आहे का? कॉक उघडा आहे का? टाकीच्या झाकणाचे बारीक भोक मोकळे आहे का? तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत येते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. तसेच येथे होते. भोक मिठाने वा रंगाने बुजले, की डिझेल संपेल तशी टाकीत निर्वात पोकळी वाढते. इंजिन काही वेळ चालून थांबते. झाकण उघडताच ‘स्स्’ असा आवाज आला, तर चोर सापडला! इंजिन फिरवताना धुराड्यातून जराही धूर न येणे, हीही खूणच; डिझेल सिलिंडरपर्यंत पोचलेलेच नाही.

टाकी ठीक असेल, तर फिल्टरच्या तळाचे पाणी काढतात, तुंबलेला फिल्टर बदलतात, सांधे आवळतात. मग एअर काढायची. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून पंपाची हाताची दांडी मारत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, शेवटी अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा, नाहीतर हवा पुन्हा आत जाते. हेच पुढे इंजेक्शन पंपावर. सर्वांत शेवटी इंजेक्टरच्या नळीचा नट थोडा सैल करून इंजिन फिरवतात. तेथे बोट कधीच लावायचे नाही, कारण त्या दाबाचा फवारा कातडीतून आत घुसतो. नटापाशी डिझेलचे थेंब उसळू लागले, की नट आवळायचा आणि हँडल मारायचे.