घड्याळ एक, सूर्योदय दोन

देशभर एकच वेळ म्हणजे सगळीकडे एकदमच उजाडते, असा अनेकांचा समज असतो. प्रमाणवेळ (देशासाठी ठरवलेली सामाईक वेळ) फक्त घड्याळे जुळवते. भारतात ती मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून (उत्तर-दक्षिण काल्पनिक रेषा) धरतात. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. पूर्वेकडच्या आसाममधले दिब्रुगड आणि पश्चिमेकडची द्वारका यांच्यात सुमारे २६ अंशांचे अंतर आहे. त्यामुळे द्वारकेला सूर्य सरासरी पावणेदोन तास उशिरा दिसतो. फलाटावर इंजिन आधी शिरते, शेवटचा डबा नंतर, तसेच हे. डिसेंबरात दिब्रुगडला साडेचारलाच सूर्य मावळलेला असतो, द्वारकेत सहानंतर मावळतो. आसामच्या चहामळ्यांतला ‘बागान टाइम’ तासभर पुढे असतो, तो याच कारणाने. मात्र तो कामापुरता पाळला जातो. अधिकृत वेळ एकच.