खणांचे घर आणि संगणकाची रेघ

घरातील एखादा मुलगा वा मुलगी वास्तुरचनेच्या आरेखनाकडे वळली की वडीलधाऱ्यांपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. संगणकावर रेघा मारणे, मापे घालणे आणि नकाशा छापून घेणे एवढे काम चार-सहा महिन्यांत हाती येते. मग त्यापुढे 'प्रगत आरेखन' म्हणून जे शिकविले जाते ते नेमके काय असते? त्यासाठी आणखी वेळ व पैसा खर्चणे इष्ट आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही वाचकांना जपानमधील कावासाकी शहरात नेऊ इच्छितो. मात्र तेथील संगणकाच्या कारखान्यात नव्हे, तर गवताने शाकारलेल्या शेतकऱ्यांच्या घरांत!

टोकियो आणि योकोहामा या दोन महानगरांच्या मधोमध, तामा नदीच्या काठाने पसरलेले कावासाकी विसाव्या शतकात कारखान्यांच्या बळावर वाढले. संगणकक्षेत्रात जगप्रसिद्ध झालेल्या फुजित्सू कंपनीची स्थापनाही १९३५ साली याच शहरात झाली. कारखाने व वसाहती वाढू लागल्या तशी भोवतालच्या खेड्यांतील जुनी घरे एकामागून एक पडू लागली. शहराच्या हद्दीतील इतो कुटुंबाचे जुने शेतकरी घर १९६४ साली राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक ठेव म्हणून घोषित झाले. ते योकोहामा येथील एका प्रसिद्ध उद्यानात हलविण्याचा विचार चालला होता. पण ते आपल्याच शहरात राहावे, अशी कावासाकीतील जाणत्या मंडळींची इच्छा होती. त्यातूनच इकुता र्योकुची या टेकडीवरील उद्यानात 'निहोन मिनका-एन' हे खुले संग्रहालय उभे राहिले आणि १९६७ साली ते लोकांसाठी उघडले. 'मिनका' म्हणजे सर्वसामान्य माणसाचे घर. जपानच्या निरनिराळ्या प्रांतांतून आणलेल्या सुमारे पंचवीस वास्तू तेथे आहेत. बर्फाळ प्रदेशातील, नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखे उंच छप्पर असलेली घरे त्यांत आहेत. माणसे आणि घोडे एकाच छपराखाली नांदत असे काटकोनी घरही आहे. कितामुरा कुटुंबाच्या घरात तर लाकडावर शाईने केलेली १६८७ सालची नोंद सापडली आहे.

अशी घरे शेकडो मैलांवरून आणली कशी? घर अखंड उचलून नेता येत नाही. ते उलगडावे लागते. प्रथम उभ्या घराची बारकाईने मापे घेऊन नकाशे काढतात. मग प्रत्येक खांबाला, तुळईला व वाशाला खूण-क्रमांक देतात आणि त्यानंतरच एकेक सांधा सोडवितात. सांधे सुटू लागले की लाकूड बोलू लागते. एखाद्या खांबात आज रिकामी दिसणारी साल, म्हणजे दुसऱ्या लाकडाचे कुसू बसण्यासाठी पाडलेली खाच, सांगते की येथे पूर्वी आडवे लाकूड होते. धुराने काळ्या पडलेल्या लाकडातील उजळ पट्टा सांगतो की येथे कधीकाळी भिंत टेकलेली होती. असे पुरावे जुळवून घराचे मूळ रूप ठरविले जाते, कुजलेला भाग बदलला जातो आणि घर नव्या जागी पुन्हा उभे राहते. या साऱ्या कामाचा कणा म्हणजे नकाशा. तो चुकला तर घर पुन्हा जुळत नाही.

आता हीच गोष्ट आरेखन शिकणाऱ्याच्या नजरेतून पाहू. संगणकावरील आरेखनाची पहिली पायरी म्हणजे रेघ. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर यांची जागा पडद्याने घेतली, एवढाच येथे फरक. १९८२ साली अमेरिकेत निघालेल्या ऑटोकॅडने हे काम साध्या टेबलावरील संगणकावर आणले. ज्यांनी अमोनिया प्रिंटचा उग्र वास सहन करीत नकाशे काढले आहेत, त्यांना ही पायरी चढणे अवघड नाही. दुसरी पायरी शिस्तीची. भिंती एका थरावर, दारे-खिडक्या दुसऱ्यावर, मापे तिसऱ्यावर. वारंवार लागणारी चित्रे एकदाच काढून ठेवायची. एका नकाशाचा आधार दुसऱ्याला द्यायचा. ही शिस्त केवळ नीटनेटकेपणासाठी नसते. पुण्याच्या एका कंपनीने तयार केलेल्या ऑटोडीसीआर या प्रणालीने महापालिकेकडे परवानगीसाठी आलेले नकाशे संगणकच तपासू लागला. रेघ योग्य थरावर नसेल, तर ती भिंत आहे की जिना, हे त्याला कळावे कसे?

खरे प्रगत शिक्षण सुरू होते ते तिसऱ्या पायरीवर. येथे विद्यार्थी रेघ काढीत नाही, वस्तू मांडतो. भिंत म्हणजे दोन समांतर रेघा नव्हेत. तिला जाडी, उंची, साहित्य आणि शेजारच्या भिंतीशी नाते असते. मजल्याची उंची बदलली की जिन्याच्या पायऱ्या, खांबांची लांबी आणि साहित्याचा हिशेब हे सारे त्याबरोबर बदलते. पाण्याचा नळ तुळईतून आरपार जात असेल तर ती टक्कर बांधकामाआधीच पडद्यावर दिसते. हंगेरीत जन्मलेले आर्किकॅड आणि २००० साली अमेरिकेत बाजारात आलेले रेव्हिट ही या पद्धतीची प्रसिद्ध साधने होत. मात्र कल्पना त्याहून जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटी या संस्थेत सादर केलेल्या 'स्केचपॅड' या प्रबंधात, दोन रेघांमधील नाते एकदा सांगितले की यंत्राने ते पाळावे, हा विचार मांडलेला होता.

पण सुतारांना हा विचार संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. जपानी सुतारांच्या 'किवारी' या शास्त्रात खांबाच्या जाडीवरून इतर लाकडांची मापे प्रमाणाने ठरत. त्यावरील 'शोमेई' हा ग्रंथ १६०८ सालचा आहे. खांबाचे माप बदला, की साऱ्या घराची मापे बदलली! घराची आखणी 'केन' या मापाने होई. एक केन म्हणजे सहा शाकु, सुमारे १.८२ मीटर. आजही जपानी लाकडी घराचा नकाशा संगणकावर काढताना त्याच्या निम्म्या मापाची, ९१० मिलिमीटरची चौकट पायाशी धरण्याची पद्धत आहे. सुतार एका फळीवर ही चौकट आखून एका दिशेला अक्षरे व दुसऱ्या दिशेला आकडे घालीत, म्हणजे प्रत्येक खांबाला आपले नाव मिळे. आपल्याकडेही घर सांगताना कोणी चौरस फूट सांगत नसे. 'पाच खणांचे घर' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खांब, तुळया आणि माजघर उभे राही. केन काय किंवा खण काय, घर कसे उभे राहते हे ज्याला कळले, त्याची ती भाषा आहे. प्रगत आरेखन संगणकाला नेमकी तीच भाषा शिकविते.

म्हणूनच एक इशारा देणे अगत्याचे वाटते. संगणक चुकीची गोष्टही अतिशय सुबक काढून देतो. पाया नसलेला खांब, पाणी वाहून न जाणारे छप्पर, डोके आपटेल असा जिना, कशालाही तो नको म्हणत नाही. जपानमध्ये आता बहुतेक लाकडी घरांचे खांब-तुळया कारखान्यात यंत्राने कापून येतात. पूर्वी पटाशीने पाडलेली साल आणि तासलेले कुसू आज संगणकातील मापांवरून यंत्र तयार करते. पूर्वी मापात थोडी चूक झाली तर सुतार जागेवर ती सावरून घेई. आज तीच चूक यंत्रात गेली तर शंभर लाकडांत उतरते आणि घर जुळेनासे झाल्यावरच ध्यानात येते. यंत्र जितके कुशल, तितकी आरेखकाची जबाबदारी मोठी.

ही जबाबदारी पेलणारे ज्ञान आपल्याला परके नाही. बांधकामावर हयात घालविलेले सुतार आणि मिस्त्री आपल्या समाजात होऊन गेले. दिल्लीतील संसद भवनाच्या ॲनेक्स इमारतीचा आराखडा आपल्याच समाजाचे जे. एम. बेंजामिन यांनी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे मुख्य वास्तुशास्त्रज्ञ या नात्याने केला. १९७५ साली तिचे उद्घाटन झाले, तेव्हा ऑटोकॅड जन्मालाही आले नव्हते. त्या पिढीचे नकाशे कागदावर उतरण्याआधी डोक्यात उभे राहत. तेव्हा ज्या तरुणांच्या घरी निवृत्त ड्राफ्ट्समन आजोबा वा काका असतील, त्यांनी त्यांना जुन्या जमान्याचे समजून बाजूला बसवू नये. आज्ञावली तुम्ही त्यांना शिकवा, छप्पर कोठे गळते हे त्यांच्याकडून शिका.

कावासाकीच्या त्या संग्रहालयात इबाराकी प्रांतातून आणलेले ओता कुटुंबाचे घर आहे. दोन स्वतंत्र छपरे एकमेकांना भिडलेली आणि त्यांच्या मध्ये पावसाचे पाणी वाहून नेणारी मोठी पन्हळ, अशी त्याची रचना आहे. १९९० साली आगीत या घराची मोठी हानी झाली. पुढे ते पुन्हा उभारण्यात आले. ज्या घराची मापे घेऊन ठेवलेली असतात, त्याला अशी दुसरी संधी मिळू शकते. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागांत आपल्या वाडवडिलांनी सोडलेली घरे आठवून पाहा. ओटी, पडवी, माजघर आणि माळा असलेल्या त्या घरांपैकी कित्येकांचे नकाशे कधीच काढले गेले नसतील, आणि कोकणचा पाऊस कोणासाठी थांबत नाही.

प्रगत आरेखन शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींना आम्ही इतकेच सुचवू. अभ्यासक्रम निवडताना तेथे किती आज्ञा शिकवितात हे विचारू नका. खरी इमारत मोजावयास नेतात का, हे विचारा. पहिला सराव एखाद्या काल्पनिक बंगल्यावर न करता, पुढच्या खेपेस कोकणात जाल तेव्हा मोजपट्टी घेऊन आजोबांच्या घरावर करा. प्रत्येक खांबाला नाव द्या, आढ्याची उंची मोजा, वासे मोजा, दोन छपरे कोठे मिळतात ते पाहा. मग संगणकावर ते घर पायापासून आढ्यापर्यंत एकेक लाकूड मांडीत उभे करा. जेथे अडाल, तेथे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. ओटीवरची तुळई कोठे टेकली होती, हे सांगणारे कोणीतरी अजून आपल्यात आहे.