भिवंडी बदलतेय, पण नेमकी कुठे?

जुन्या ठाणे–भिवंडी रस्त्याने कशेळीची खाडी ओलांडली की बदल दिसू लागतो. काल्हेरच्या फर्निचर दुकानांमागे आता उंच इमारती उभ्या आहेत. खाली दुकानांचे गाळे, वर फ्लॅट. यंत्रमागांचं गाव म्हणून भिवंडी ओळखणाऱ्यांनी हा पट्टा एकदा बघाच.

याला मोठं बळ मेट्रो ५ चं. ठाणे–भिवंडी–कल्याण मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. पहिला टप्पा कापूरबावडी ते धामणकर नाका, वाटेत कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा. धामणकर नाक्यापुढे टेमघरपर्यंत मार्ग भुयारी नेण्याचा निर्णय झाला, कारण रस्त्यालगतची घरं-दुकानं पाडावी लागली असती. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. शहराचा खरा बाजार तिथेच तर आहे! शिवाय मोठागाव–माणकोली पुलामुळे डोंबिवलीही जवळ आलीय.

घर बघताय? मग एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जाहिरातीत ‘भिवंडी’ किंवा थेट ‘ठाणे’ लिहिलं असलं, तरी कशेळी-काल्हेर भिवंडी-निजामपूर महापालिकेत येत नाही. तिथे ग्रामपंचायती आहेत आणि नियोजन एमएमआरडीएकडे. त्यामुळे बांधकाम परवानगी कोणाची, हे आधी विचारा. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासा. पाणी नळाचं की टँकरचं, हे तिथे राहायला आलेल्या शेजाऱ्यांना विचारा, विक्री कार्यालयात नको. आणि संध्याकाळी एकदा जाऊन या. गोदामांकडे निघालेल्या कंटेनरची रांग तेव्हाच कळते.