बोट का थांबत नाही?

परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने लातूरला, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या क्लासेससाठी नांदेडला मराठवाड्यातली हजारो मुलं खोली करून, मेसचा डबा लावून राहतात. घरापासून दूर, चाचणीतल्या गुणांची धास्ती, आणि उशाशी फोन. पुढची रील आवडेल की नाही हे ठाऊक नसतं, म्हणूनच बोट सरकत राहतं. बक्षीस अधूनमधून, अवचित मिळालं की सवय सर्वांत चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांनी विसाव्या शतकातच दाखवलं. त्यात इतरांशी तुलना, मागे पडण्याची भीती. अशा मुलांना आळशी ठरवणं अन्यायाचं आहे. ॲपची रचनाच खिळवून ठेवणारी असते. झोप, अभ्यास बिघडू लागला तर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलि-मानस : १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.