हुमणीचा जैविक बंदोबस्त

उसाची बेटे ऐन भाद्रपदात पिवळी पडू लागतात, पाणी देऊनही त्यांना टवटवी येत नाही आणि हाताने ओढताच ती सहज उपटून येतात. अशा शेतात जमीन उकरली की इंग्रजी 'सी' अक्षराप्रमाणे वाकलेली, पांढुरकी, तपकिरी डोक्याची हुमणी सापडते. मात्र तोपर्यंत परिणामकारक उपायाची वेळ बहुधा टळलेली असते.

हुमणीची वर्षाकाठी एकच पिढी होते. वळवाच्या जोरदार सरीनंतर जमिनीत दडलेले भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ व बोर या झाडांवर जमून पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. एक मादी 50 च्या आसपास अंडी घालते. अळीच्या तीन अवस्थांपैकी अखेरची सर्वांत खादाड असून ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ती मुळे फस्त करते. पूर्वी यावर बीएचसी भुकटी मातीत मिसळण्याचा प्रघात होता. तिच्यावर 1997 मध्ये देशात बंदी आली. पुढे 2020 अखेर फोरेटही बंद झाले.

जैविक उपायांत मेटारायझियम ही बुरशी अग्रेसर आहे. धान्यपिकावरील भुंगेऱ्याच्या अळ्यांना तिची लागण होते, हे एली मेच्निकोफ यांनी 1879 मध्ये ओडेसा येथे दाखवून दिले होते. बुरशीचे बीजाणू अळीच्या त्वचेस चिकटतात, ओलाव्यात रुजतात व त्वचा भेदून आत वाढतात. अळी मरून कडक होते. तिच्यावर प्रथम पांढरी, नंतर हिरवी बुरशी चढते आणि त्यातूनच नवे बीजाणू मातीत पसरतात. या क्रियेस काही दिवस, कधी आठवडेही लागतात. चार दिवसांत अळ्या मेलेल्या दिसल्या नाहीत म्हणून औषध खोटे ठरविणे हा उतावीळपणाच होय.

लहान अळ्या या बुरशीस लवकर बळी पडतात. म्हणून हेक्टरी 20 किलो बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पावसाळ्याच्या आरंभी, जमिनीत ओल असताना मुळांजवळ देणे इष्ट ठरते. तिच्यासोबत बुरशीनाशक वापरू नये. हेटेरोऱ्हॅब्डिटिस या मित्र सूत्रकृमीही उपयुक्त आहेत. अळीच्या शरीरात शिरून त्या आपल्याबरोबरचे जिवाणू सोडतात व अळी एकदोन दिवसांत मरते. उन्हात त्या तग धरत नसल्याने त्यांचा वापर सायंकाळी, ओल्या जमिनीतच करावा.

तथापि भुंगेरा बांध ओळखत नाही. एकाने बुरशी वापरली आणि शेजारच्या बाभळीवरील भुंगेरे तसेच राहिले, तर पुढील वर्षी उपद्रव पुन्हा उद्भवतो. येथे ग्रामपंचायतीचे काम सुरू होते. वळवाचा पाऊस पडताच दवंडी देऊन सायंकाळी सातनंतर शिवारातील झाडे हलवावीत, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत आणि हा क्रम त्यानंतरही काही दिवस संपूर्ण गावाने एकाच वेळी चालू ठेवावा. बुरशीचा साठाही त्याआधीच सावलीत, थंड जागी ठेवून त्यावरील अंतिम तारीख तपासून घ्यावी, कारण जुन्या पुड्यांतील बीजाणू मृत झालेले असू शकतात.