साखर ‘कमी झाली’ की ‘कमी करायची’?

सोलापूर जिल्ह्यात ‘साखर’ म्हटले की एकाला कारखाना आठवतो, दुसऱ्याला मधुमेह. माणसाला संदर्भावरून अर्थ कळतो. इंटरनेटवरच्या सर्च इंजिनला तो शिकवावा लागला.

जुनी सर्च इंजिने मुख्यतः शब्द जुळवत. पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची त्यांच्याकडे असे. विचारलेले शब्द असलेली पाने ती पुढे करत. त्यामुळे ‘साखर कमी झाली तर काय करावे’ आणि ‘साखर कमी करायला काय करावे’ हे प्रश्न त्यांना जवळपास सारखेच दिसत. उत्तरे मात्र अगदी उलटी आहेत. रक्तातली साखर घसरलेल्या मधुमेहीला घाम फुटतो, हात थरथरतात. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी लागते. तेव्हा ‘गोड टाळा’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

नवी सर्च इंजिने पूर्ण वाक्य वाचतात. कोणते शब्द कोणाच्या सोबतीने येतात, हे ती कोट्यवधी वाक्यांवरून शिकतात आणि प्रत्येक वाक्याचे आकड्यांच्या मालिकेत रूपांतर करतात. अर्थाने जवळची वाक्ये आकड्यांतही जवळ येतात. म्हणून ‘जिना चढताना धाप लागते’ असे विचारले, तरी ‘दम लागणे’ लिहिलेले पान सापडते. गूगलने ‘बर्ट’ ही अशी पद्धत २०१९ मध्ये इंग्रजी शोधासाठी आणली आणि वर्षअखेरीस मराठी, तेलुगू, कन्नडसह ७० हून अधिक भाषांत नेली. मराठीत बोलून शोधण्याची सोय तर २०१७ पासूनच आहे.

आजाराचे नाव माहीत नसेल, तेव्हा साध्या बोलीत पूर्ण वाक्य विचारावे. वय, त्रास किती दिवसांचा आणि आधीचे आजारही सांगावेत. औषध किंवा तपासणीची माहिती हवी असेल, तर पाकिटावरचे किंवा चिठ्ठीवरचे नेमके नावच टाकावे. अर्थाने ‘जवळचे’ औषध म्हणजे तेच औषध नव्हे.

प्रश्नातच उत्तर घालू नये. ‘अमुक काढ्याने मधुमेह बरा होतो ना?’ असे विचारले, तर होकाराचीच पाने वर येण्याची शक्यता अधिक. त्याऐवजी ‘अमुक काढ्याचा मधुमेहावर काय परिणाम होतो?’ असे विचारावे.

हल्ली यंत्र स्वतःच उत्तर लिहून देते. ते सफाईदार असूनही चुकीचे असू शकते. मूळ पान उघडून ते कोणी लिहिले आणि कधी, हे पाहावे. त्यावरून गोळीचा डोस बदलू नये; तो डॉक्टरांनाच विचारावा.

छातीत कळ, तोंड वाकडे होणे, सर्पदंश किंवा बेशुद्धी असेल, तर शोधत बसू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणीही घालू नये. फोन हातात असतोच. थेट १०८ फिरवावा.