जाहिरातींत न सांपडणारें काम

नोकरीच्या शोधांत असलेल्या सुशिक्षित तरुणाची सकाळ हल्लीं कशी उजाडते, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस स्वतःच्या घरींच पाहावयास मिळत असेल. तो वर्तमानपत्राचें जाहिरातींचें पान प्रथम उघडतो, मग हातांतील मोबाइलवर नोकऱ्यांच्या याद्या चाळतो, आणि चहा निवण्यापूर्वीं त्याचा निकाल ठरलेला असतो: आजही आपल्याजोगें कांहीं नाहीं. जें आहे तें एक तर आठ वर्षांचा अनुभव मागणारें, किंवा घरबसल्या महिना पन्नास हजारांचें आमिष दाखवून नोंदणीच्या नांवाखालीं आधीं पैसे भरावयास लावणारें. (ह्या दुसऱ्या प्रकाराविषयीं वकील ह्या नात्यानें एवढेंच सांगतों कीं, नोकरी देणारा पगार देतो, उमेदवाराकडून पैसे मागणारा फसवणुकीचा धंदा करीत आहे असें धरून चालावें.) जाहिरात नाहीं, सबब काम नाहीं, असें अनुमान तो काढतो. ह्या अनुमानांतच चूक आहे, आणि ती एकट्या त्याची नव्हे.

गेल्या पावसाळ्यांत वाणिज्य शाखेचा एक पदवीधर कात्रणांची वही घेऊन आमच्याकडे आला होता. आठ महिन्यांत त्यानें साठांवर अर्ज केले होते. उत्तरें तीन आलीं. त्याच आठवड्यांत आमच्या परिचयाचे एक घाऊक किराणा व्यापारी आमच्यापाशीं हळहळत होते. दर महिन्याच्या ११ व २० तारखेस वस्तु-सेवा कराचीं विवरणपत्रें भरावयाचीं, हिशेब जुळत नाहींत, विलंबशुल्क भरावें लागतें, आणि विश्वासाचा मनुष्य मिळत नाहीं. आम्हीं विचारलें, "जाहिरात दिलीत काय?" ते म्हणाले, "छे! जाहिरात दिली तर शंभर अनोळखी लोक दारांत येऊन उभे राहतील. मेहुण्याला सांगून ठेवलें आहे." एक मनुष्य वही घेऊन काम शोधीत होता, दुसरा मेहुण्याच्या भरंवशावर मनुष्य शोधीत होता, आणि दोघांमध्यें अंतर दोन गल्ल्यांचें होतें.

हा आमच्या गांवचाच योगायोग नव्हे. अमेरिकेंत बोस्टन शहराजवळील न्यूटन येथें मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या समाजशास्त्रज्ञानें नोकरी बदललेल्या सुशिक्षित मंडळींस 'हें काम तुम्हांस कसें मिळालें?' असा साधा प्रश्न विचारला. त्याचा ग्रंथ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. शंभरांपैकीं सुमारें ५६ जणांस काम ओळखीपाळखींतून मिळालें होतें. जाहिरात व तत्सम रीतसर मार्गांनीं मिळालेले १९ च्या आंतबाहेर, आणि कोणी न बोलावतां थेट जाऊन विचारणारेही जवळ जवळ तितकेच. त्यांतही मौजेची गोष्ट अशी कीं, जिवलगांपेक्षां कधींमधीं भेटणाऱ्या माणसांकडूनच बातमी अधिक आली होती. कारण उघड आहे. आपला जवळचा मित्र आपल्याच कट्ट्यावर बसतो. जें आपल्यास माहीत नाहीं तें त्यासही माहीत नसतें.

सरकारी नोकरीची गोष्ट निराळी. संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदानें सरकारी पदांच्या बाबतींत सर्वांस समान संधि दिली आहे. म्हणून तेथें जाहिरात देणें हा उपकार नसून कर्तव्य आहे. खाजगी धंद्यास असें बंधन नाहीं. १९५९ च्या रोजगार विनिमय केंद्रांच्या कायद्यानें २५ वा अधिक माणसें ठेवणाऱ्या खाजगी आस्थापनांस रिकाम्या जागा कळविण्याच्या कक्षेंत आणलें होतें खरें. पण जागा कळविली म्हणून ती केंद्रामार्फतच भरली पाहिजे असें नाहीं, अशी पुस्ती त्याच कायद्याच्या चौथ्या कलमांत जोडलेली होती. आणि दहा-बारा माणसांवर चालणारी पेढी तर त्या कक्षेंत कधीं आलीच नाहीं.

परिणाम असा होतो कीं, जी नोकरी डोळ्यांस दिसते तिच्याकडेच सारा लोंढा वळतो. संघ लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेस १०,१६,८५० अर्ज आले. त्यांपैकीं ५,९२,१४१ उमेदवार पूर्वपरीक्षेस बसले, आणि अखेर शिफारस झाली ती १,०१६ जणांची. पुण्याच्या सदाशिव पेठेंतील अभ्यासिकांत खुर्चीमागें खुर्ची लावून बसलेलीं खेड्यांतील मुलें पाहिलीं म्हणजे ह्या आंकड्यांचा अर्थ कळतो. त्यांच्या बुद्धीविषयीं आमची तक्रार नाहीं. बापानें जमीन गहाण टाकून पाठविलेल्या पैशावर पांच-सात वर्षें जातात, आणि परतल्यावर गांवच्या बाजारांत आपला उपयोग काय, हें सांगणारा कोणी भेटत नाहीं, ही आमची तक्रार आहे.

'ओळखीनें काम मिळतें म्हणतां, मग हें वशिल्याचेंच समर्थन झालें,' असा आक्षेप कोणी घेईल. काम कोठें आहे एवढें सांगणें ही ओळख. तें अपात्रास मिळवून देणें हा वशिला. हा भेद केला तरी आक्षेपांतील खरा भाग उरतोच, आणि तो आमच्या समाजास लाजिरवाणा आहे. आमच्याकडे ओळख ही बहुधा जातीच्या व नातलगांच्या वर्तुळांतच फिरते. पेढीवरची बातमी पेढीवाल्यांच्या घरांत, छापखान्याची छापखानेवाल्यांच्या घरांत. ज्याच्या घराण्यांत कोणी गिऱ्हाईक किंवा हमाल ह्याखेरीज दुसऱ्या नात्यानें दुकानाची पायरी चढला नाहीं, त्या मुलाच्या कानावर ती पडावी कशी? तो आळशी नसतो, अडाणी नसतो. त्यास बातमी नसते. मुलींची अवस्था याहून बिकट. भाऊ संध्याकाळीं बाजारांत चार माणसांत सहज उभा राहतो. बहिणीस तेथें उभें राहण्याचें कारण सांगावें लागतें. कामाची बातमी ही एक मिळकत आहे, आणि ती वडिलोपार्जित मिळकतीप्रमाणेंच वांटली जात आहे.

तेव्हां ज्याच्या वांट्यास ती आलेली नाहीं, त्यानें ती उठून आणली पाहिजे. दुपारीं दोन-तीनच्या सुमारास, गिऱ्हाइकी मंदावलेली असते तेव्हां, बाजार समितींतील आडतीवर जावें, औद्योगिक वसाहतींत जावें, सनदी लेखापालाच्या कचेरींत जावें. 'नोकरी द्या' म्हटल्याबरोबर समोरचा मनुष्य 'नाहीं' म्हणून मोकळा होतो. 'तुमचें कोणतें काम अडून राहतें?' असें विचारलें तर तो बहुधा बसावयास सांगतो. पहिल्या दहा ठिकाणीं कांहीं निघणार नाहीं. पण अकराव्या ठिकाणीं जाणारा मनुष्य पहिल्या ठिकाणीं गेला होता तोच राहत नाहीं. त्यास धंद्याची भाषा येऊं लागलेली असते. मात्र शिकण्याच्या नांवाखालीं फुकट राबूं नये. मुदत व मोबदला आधीं ठरवून घ्यावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालीं विद्यावेतन देणें भाग आहे, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणें ३० वा अधिक माणसांच्या आस्थापनेस असे उमेदवार घ्यावेच लागतात. हें ठाऊक असलेला तरुण याचकासारखा बोलत नाहीं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. बढतींत डावलले गेल्यावर ते नोकरी सोडून बेळगांवीं गेले. बंधूंसह चालविलेल्या सायकलींच्या दुकानांतून पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर निघाले. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंधच्या राजेसाहेबांनीं कुंडलजवळ दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. प्रत्येकानें कारखाना काढावा असें आम्ही सुचवीत नाहीं. तसें सांगणारे व्याख्याते पुष्कळ आहेत, आणि त्यांस बहुधा दरमहा पगार असतो. परंतु 'लोखंडी नांगर करणारा पाहिजे' अशी जाहिरात त्या काळीं कोणीं दिली नव्हती. गरज शेतांत पडून होती, आणि ती पाहण्यासाठीं कोणास तरी बांधावर जावें लागलें.

आतां व्यापारी बंधूंस एक विनंति. मनुष्य हवा असेल तर मेहुण्यास खुशाल सांगा, पण त्याच दिवशीं दुकानाच्या दारावर पाटी लावा, आणि गांवांतील महाविद्यालयाच्या फलकावर चार ओळी पाठवा. शंभर लोक येतील ही भीति खरी आहे. परंतु नव्व्याण्णवांस परत पाठविण्याचा त्रास हा, आठ महिने विलंबशुल्क भरण्यापेक्षां स्वस्त पडतो.

कात्रणांची वही घेऊन आलेल्या त्या तरुणास आम्हीं त्या किराणा व्यापाऱ्यांचा पत्ता दिला होता. तो आज सकाळीं त्यांचे हिशेब पाहतो आणि दुपारीं आणखी दोन दुकानांचे. 'मुलाला अजून नोकरी लागली नाहीं,' असें त्याचे वडील मात्र अद्याप लोकांस सांगतात. गेल्या महिन्यांत त्याच व्यापाऱ्यांस गुदामासाठीं मनुष्य हवा होता. आमच्या आग्रहावरून पाटी लिहून तयार झाली. ती अजून गल्ल्याखालीं आहे असें कळतें.